कॅल्शियम १३.८ आलं म्हणून ऑपरेशन थांबवलंय, याचा नेमका अर्थ काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६१ वर्षांचे, तरुणपणापासून तंबाखू-चुना. तीन महिन्यांपासून भाकरीचा घास छातीत अडकायचा, आता चहासुद्धा हळूहळू घ्यावा लागतो. दुर्बीण झाली, तुकड्याचा रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर, असा आला. गाठ अन्ननलिकेच्या मधल्या भागात आहे. पेट-सीटीमध्ये, म्हणजे रोग कुठे पसरलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, अन्ननलिकेजवळच्या दोन लिम्फ नोड (लसग्रंथी) सोडल्या तर दुसरीकडे काही नाही. पुढच्या तयारीसाठी भरती केलं तेव्हा ते गुंगीत होते, कॅल्शियम १३.८ आणि अल्ब्युमिन २.८ निघालं. सर्जन म्हणाले, 'हा गाठीतून येणाऱ्या हार्मोनचा त्रास आहे. आधी तो आटोक्यात आणू, मग केमो आणि रेडिएशन, ऑपरेशन त्यानंतर.' आता तुम्ही विचारताय की रोग हाडांत किंवा मेंदूत गेलाय आणि आम्हाला सांगत नाहीयेत, असं तर नाही ना? थांबण्यात संधी हातची जाईल का? आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा हार्मोनशी संबंधच काय?

मी २२ वर्षं अन्ननलिका आणि जठराची ऑपरेशनं करतोय. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांना बघणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून एक गोष्ट आधी सांगतो, कारण मला वाटतं तुम्ही रात्रभर त्याच विचारात असाल: वाढलेलं कॅल्शियम म्हणजे रोग हाडांत पोहोचलाच, असं नाही. आणि तुमच्या सर्जननी ऑपरेशन पुढे ढकललं हे हात वर करणं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

आता हा हार्मोनचा प्रकार समजून घ्या. आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचं पॅराथॉर्मोन हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ते धरून ठेवायला सांगतं आणि रक्तातली पातळी सांभाळतं. काही कॅन्सरच्या पेशी याच हार्मोनचा जणू चुलतभाऊ तयार करतात. त्याला पीटीएचआरपी म्हणतात, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनसारखं प्रथिन. १९८७ मध्ये ते ओळखलं गेलं. हे प्रथिन मुळात वाईट नाही. गर्भाच्या वाढीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात त्याचं रीतसर काम असतं. पण स्क्वॅमस पेशींची गाठ, मग ती फुप्फुसाची असो, तोंड-घशाची असो की अन्ननलिकेची, कधीकधी ते भरमसाट रक्तात सोडते. शरीराला वाटतं पॅराथॉर्मोनचाच हुकूम आलाय. हाडं कॅल्शियम सोडत राहतात, मूत्रपिंड ते बाहेर जाऊ देत नाही. गाठ छातीतच असते, हाडात तिची एक पेशीही नसते, आणि तरी हाडं झिजायला लागतात.

कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. माणूस सारखा लघवीला जातो, पाणी बाहेर पडत राहतं, तहान लागते. साध्या माणसानं तांब्याभर पाणी प्यायलं असतं आणि थोडं तरी भरून काढलं असतं. पण ज्याच्या घशाखाली पाणीच उतरत नाही त्यानं काय करायचं? शरीर कोरडं पडतं, रक्त मूत्रपिंडाकडे कमी जातं, कॅल्शियम आणखी साठतं. म्हणून अन्ननलिकेच्या रुग्णात हा आकडा काही दिवसांत ११ वरून १४ वर जाऊ शकतो. बद्धकोष्ठ, मळमळ, हातपाय गळून जाणं, मग असंबद्ध बोलणं, मग गुंगी. घरच्यांना वाटतं माणसानं आशा सोडली. शेजारी म्हणतात रोग डोक्यात गेला.

ही चूक आम्हा डॉक्टरांकडूनही होते. शिकाऊ असताना मी ज्या वॉर्डात होतो तिथे अन्ननलिकेच्या कॅन्सरची एक बाई होती. मिसरी लावणारी, सडसडीत, फार गोड बोलणारी. एका सकाळी ती मुलाला ओळखेना. आम्ही मेंदूचा स्कॅन केला, तो स्वच्छ आला. मग झोपेच्या औषधाचा परिणाम असेल म्हणून ते बंद केलं. कॅल्शियम तपासायचं तिसऱ्या दिवशी सुचलं, ते १५ च्या पुढे होतं. सलाइन आणि औषधांनी चार दिवसांत तिनं मुलाला नावानं हाक मारली. ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून अन्ननलिकेचा कुठलाही रुग्ण दारातून आत आला की कॅल्शियम, सोडियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) पहिल्याच दिवशी जातं. फार महाग तपासण्या नाहीत या.

तुमच्या वडिलांचा आकडा खरं तर १३.८ पेक्षाही जास्त आहे. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. उपासमारीनं अल्ब्युमिन घसरलं की रिपोर्टवरचं कॅल्शियम खोटं कमी दिसतं. ढोबळ हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरेल त्याला ०.८ ने गुणा, ते कॅल्शियममध्ये मिळवा. इथे ४ वजा २.८ म्हणजे १.२, त्याचे ०.९६, म्हणजे खरा आकडा साधारण १४.८. नॉर्मलची वरची मर्यादा १०.५ च्या आसपास असते. इतक्या आकड्यावर भूल द्यायला कुठलाही समंजस भूलतज्ज्ञ तयार होणार नाही. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मूत्रपिंड बसू शकतं, आणि फुप्फुसांत कफ साचलेला गुंगीतला माणूस खोकूही शकत नाही. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर खोकता येणं किती महत्त्वाचं असतं ते पुढे सांगतो.

डॉक्टरांना एकच तपासणी विचारून घ्या: पॅराथॉर्मोनची पातळी, म्हणजे साधं पीटीएच. गाठीमुळे कॅल्शियम वाढलं असेल तर खऱ्या ग्रंथी गप्प बसतात आणि पीटीएच अगदी कमी येतं. ते कमी नसेल, उलट जास्त असेल, तर गळ्यातल्या ग्रंथीचाच वेगळा, बहुतेक वेळा साधा आजार असण्याची शक्यता असते. मग सगळा विचार बदलतो. पीटीएचआरपीची थेट तपासणीही असते, पण ती बहुतेक ठिकाणी बाहेरच्या लॅबला जाते आणि रिपोर्टला दिवस लागतात. उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

उपचाराचा पाया सलाइन. नॉर्मल सलाइन भरपूर आणि सावकाश, हृदय आणि लघवीचं माप बघत. पहिल्या दिवशीच गुंगी थोडी उतरलेली दिसते, कारण निम्मा त्रास कोरडेपणाचा असतो. कॅल्सिटोनिनचं इंजेक्शन काही तासांत काम करतं, पण दोन दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि असर जातो. खरा भार उचलतं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटं सोडलेलं सलाइन. ते हाडं खाणाऱ्या पेशींना थांबवतं. असर दिसायला दोन ते चार दिवस लागतात. क्रिएटिनिन फार वाढलेलं असेल तर डेनोसुमॅब हा पर्याय असतो. लघवीची गोळी किंवा इंजेक्शन पूर्वी सर्रास द्यायचे. आता अंगात पाणी जास्त झालं तरच देतात, कोरड्या माणसाला ते देणं म्हणजे त्याला आणखी कोरडं करणं.

झोलेड्रॉनिक द्यायच्या आधी एकदा तोंडात बॅटरी मारून दात बघायला सांगा. तंबाखू खाणाऱ्यांचे दात किडलेले, हिरड्या सुटलेल्या असतात. हे औषध घेतल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. आकडा १४.८ असताना दातांसाठी इंजेक्शन अडवून ठेवायचं नाही, पण पुढचे डोस लागणार असतील तर दंतवैद्याकडे आधीच जाऊन या. स्वच्छ तोंडाचा ऑपरेशनच्या वेळीही फायदा होतो. घाणेरडी लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो.

घरी तुम्ही करण्यासारखं: कॅल्शियमच्या आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवा. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांत थायाझाइड गटाचं औषध असेल तर तेही दाखवा, ते कॅल्शियम वाढवतं. पण दूध-दही बंद करू नका! बऱ्याच घरांत हेच पहिलं बंद होतं. हे कॅल्शियम आहारातून आलेलं नाही, हाडांतून आलंय. दूध तोडून कॅल्शियम उतरत नाही, वजन मात्र उतरतं.

आता दुसरा प्रश्न, थांबण्याचा. औषधांनी कॅल्शियम उतरतं, पण हार्मोन बनवणारी गाठ जागेवरच असते. म्हणून दोन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा चढू शकतो. याचा अर्थ असा की कॅल्शियम उतरलं की मिळालेले दिवस वाया घालवायचे नाहीत. आकडा १२ च्या खाली, माणूस शुद्धीवर, क्रिएटिनिन जागेवर, की लगेच केमो-रेडिएशन सुरू व्हायला हवं. 'घरी जाऊन महिनाभर ताकद भरून या' असं कुणी म्हणालं तर ते ऐकू नका. ताकद भरण्याचं काम उपचारासोबतच करायचं असतं.

तुमच्या मनात असेल की गाठ तर समोर दिसतेय, सरळ काढून का टाकत नाहीत? अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटरची, पुढे श्वासनलिका, मागे मणका, बाजूला महारोहिणी. आतड्याला बाहेरून जे घट्ट आवरण असतं ते तिला नाही. त्यामुळे गाठ शेजारच्या अवयवांना लवकर चिकटते आणि कडेनं पेशी मागे राहतात. नेदरलँड्समधल्या क्रॉस अभ्यासानं २०१२ मध्ये हा प्रश्न बऱ्यापैकी मिटवला. आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, असे पाच आठवडे, आणि सोबत २३ बैठकांत ४१.४ ग्रे (हे रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन. हे करून मग ऑपरेशन केलेल्या गटात निम्मे रुग्ण ४९ महिन्यांपेक्षा जास्त जगले. थेट ऑपरेशन केलेल्या गटात हा आकडा २४ महिने होता. गाठ कडेसकट पूर्ण निघण्याचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. आणि तुमच्या वडिलांना जो प्रकार आहे, त्या स्क्वॅमस प्रकारात ऑपरेशननंतर काढलेल्या भागात जवळपास निम्म्या जणांत सूक्ष्मदर्शकाखाली एकही जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. युरोप-अमेरिकेत अ‍ॅसिडिटीशी जोडलेला, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा जास्त दिसतो. त्याची औषधं आणि क्रम आता वेगळा झालाय. इंटरनेटवर वाचताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर दुसऱ्याच रोगाचे आकडे वाचून घाबराल.

गाठ आटली की हार्मोनचा कारखानाही आटतो. रेडिएशन चालू असताना कॅल्शियम आपोआप नॉर्मलवर टिकू लागलं तर मला ते फार आवडतं. गाठ औषधाला उत्तर देतेय याची ती खूण असते. पण त्या पाच आठवड्यांत दर आठवड्याला कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघायलाच हवं.

एक कडू गोष्ट लपवत नाही. सर्वसाधारणपणे कॅन्सरमधलं वाढलेलं कॅल्शियम हे चांगलं चिन्ह समजलं जात नाही. ते जास्त करून पसरलेल्या, मोठ्या गाठींत दिसतं, आणि तिथे आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं. तुमच्या वडिलांच्या बाजूनं असलेली गोष्ट म्हणजे त्यांचा पेट-सीटी. त्यात हाडं, यकृत, फुप्फुसं स्वच्छ आहेत. अशा माणसात कॅल्शियम हा दुरुस्त करण्याचा अडथळा आहे, दार बंद झालेलं नाही. म्हणूनच केमो-रेडिएशननंतर पुन्हा स्कॅन करायचा आणि तेव्हाही रोग जागेवरच असेल तरच चाकू हातात घ्यायचा. मधल्या काळात नवीन ठिकाणी डाग दिसले तर ऑपरेशन न करणं हेच वडिलांच्या हिताचं. त्या वेळी 'काहीही करा पण ऑपरेशन करा' असा हट्ट धरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हार्मोनचे आणखी दोन-तीन चेहरे आहेत, ते तुमच्या वडिलांना लागू नाहीत, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असतील म्हणून सांगतो. अन्ननलिकेचा स्मॉल सेल नावाचा विरळा प्रकार असतो. तो शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन बनवू शकतो, मग सोडियम घसरतं. तिथेही माणूस भ्रमिष्ट होतो, पण उपचार बरोबर उलटा: पाणी मोजून द्यायचं आणि सोडियम घाईनं वर आणायचं नाही, नाहीतर मेंदूला कायमची इजा होते. गुंगीतल्या रुग्णाला रिपोर्ट न बघता बाटल्यांवर बाटल्या लावू नयेत, ते याचसाठी. याच प्रकारात कधी कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढवणारं एसीटीएच बनतं, पोटॅशियम खाली, साखर आणि प्रेशर वर. स्मॉल सेलमध्ये पहिला उपचार केमोथेरपीचा, ऑपरेशनचा नाही. आणि काही स्क्वॅमस गाठी पांढऱ्या पेशी वाढवणारं द्रव्य सोडतात. जंतुसंसर्ग नसताना पांढऱ्या पेशी ४०,०००, आणि रुग्ण आठवडाभर अँटिबायोटिकवर. कॅल्शियमसोबत असा आकडा दिसला तर डॉक्टरांना नक्की विचारा.

आता तयारी. वडिलांना आत्ता अन्न हवंय. त्यासाठी नाकातून लहान आतड्यापर्यंत बारीक नळी किंवा पोटावरून लहान आतड्यात नळी, म्हणजे जेजुनोस्टॉमी, हे योग्य मार्ग. जठरात नळी बसवण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारा. कारण ऑपरेशनमध्ये आम्ही जठराचीच नळी करून ती अन्ननलिकेच्या जागी नेतो. तिचा रक्तपुरवठा मुख्यतः जठराच्या मोठ्या वळणावरच्या एका धमनीवर असतो, तिला धक्का लागला तर पुढे पर्याय कमी होतात. दुसरं म्हणजे घाईघाईनं खाऊ घालू नका. पीटीएचआरपीमुळे फॉस्फरस आधीच लघवीतून गेलेलं असतं. त्यात बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) दिलं की उरलंसुरलं फॉस्फरस पेशींत ओढलं जातं. श्वासाचे स्नायू आणि हृदय ढिलं पडतं. म्हणून थायमिन (व्हिटॅमिन बी१) आधी, फीड थोड्यापासून, आणि पहिला आठवडा फॉस्फरस-पोटॅशियम-मॅग्नेशियमवर नजर. तुम्ही बाटली वाढवायला सांगताय आणि नर्स नाही म्हणतेय, तर ती तुमच्या वडिलांना उपाशी ठेवत नाहीये.

तंबाखू आजच बंद. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आजपासून, दिवसातून आठ-दहा वेळा. रोज चालणं, आधी वॉर्डातल्या वॉर्डात, मग जिना.

ऑपरेशन रेडिएशन संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. मधल्या भागातल्या गाठीसाठी छाती, पोट आणि मान अशा तीन ठिकाणी काम करण्याची पद्धत बरेच सर्जन निवडतात. उजव्या छातीतून अन्ननलिका आणि आजूबाजूच्या लिम्फ नोड सोडवायच्या, पोटातून जठराची नळी करायची, ती वर ओढून मानेत अन्ननलिकेच्या टोकाला जोडायची. गाठ खाली असेल तर जोड छातीत करतात. ती पद्धत आयव्हर लुईस या सर्जनच्या नावानं १९४६ पासून ओळखली जाते. त्याही आधी १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी एका बाईची छातीतली अन्ननलिका काढली. जठर वर आणून जोडण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून त्यांनी शरीराबाहेरून एक रबरी नळी लावली. मानेपासून पोटापर्यंत त्या नळीतून जेवत ती बाई पुढे तेरा वर्षं जगली. घाबरलेल्या रुग्णांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

आता हे ऑपरेशन दुर्बिणीनं, छोट्या छिद्रांतून होऊ शकतं. २०१२ च्या एका युरोपीय अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांतला फुप्फुसाचा जंतुसंसर्ग उघड्या पद्धतीत २९ टक्के होता, दुर्बिणीनं तो ९ टक्क्यांवर आला. पण पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा. तुम्ही सर्जनना संकोच न करता विचारा, 'सर, तुमच्याकडे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? जोड सुटला तर रात्री दोन वाजता कोण असतं?' नेदरलँड्समध्ये वर्षाला किमान २० ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांतच हे ऑपरेशन होतं, आणि ते बरोबर आहे. चांगला सर्जन या प्रश्नानं दुखावत नाही. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधीच भेटा.

धोके स्पष्ट सांगतो. जोडातून गळती, न्यूमोनिया, आवाजाच्या शिरेला इजा होऊन घोगरेपणा, छातीतल्या लसवाहिनीतून दुधासारखा स्राव. मानेतल्या जोडातून गळती झाली तर बहुतेक वेळा ती मानेतूनच बाहेर येते आणि ड्रेसिंगवर भरते. छातीतली गळती जास्त गंभीर. म्हणूनच खोकणं, बसणं, दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरणं याला आम्ही इतकं डोकं लावतो. दुखतंय म्हणून वडील खोकायचं टाळतील. त्यांच्या छातीवर उशी धरा आणि खोकायला लावा.

ऑपरेशननंतर कॅल्शियम बघायचं असतंच, पण आता उलट्या बाजूनं. गाठ गेली, हार्मोन गेलं, झोलेड्रॉनिकचा असर हाडांत अजून आहे, व्हिटॅमिन डी कमी आहे. अशात कॅल्शियम घसरून ओठांभोवती मुंग्या, हाताला पेटके येऊ शकतात. तेव्हा गोळ्या आम्हीच परत सुरू करतो. आणि नंतरच्या वर्षा-दोन वर्षांत विनाकारण बद्धकोष्ठ आणि जास्त लघवी सुरू झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता कॅल्शियम तपासा. रोग परतल्याची ती पहिली खूण असू शकते.

घरच्यांचे आणि रुग्णाचे सगळ्यात जास्त वाद जेवणावरून होतात, आणि तिथेही हार्मोनच असतं. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात बनतं. ऑपरेशनमध्ये त्याचा बराच भाग जातो, व्हेगस नस कापली जाते. दुसरीकडे अन्न आतड्यात भसकन उतरतं आणि पोट भरल्याचा संदेश देणारी आतड्याची हार्मोनं जेवल्या जेवल्या उसळतात. चार घासांत पोट भरतं. आई ताट घेऊन मागे लागते, वडील चिडतात. यात कुणाचाच दोष नाही. त्यांना भूक लागणारच नाही, म्हणून घड्याळ बघून द्या, दिवसातून सहा-आठ वेळा, वाटीभर. अंडं, मुगाचं धिरडं, मऊ खिचडी तूप घालून, दुधात कुस्करलेली भाकरी. पाणी जेवणासोबत नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. शिरा, गोड चहा, उसाचा रस उपाशी पोटी नको. त्यानं साखर झपकन चढते, इन्सुलिन उसळतं आणि एक ते तीन तासांनी साखर पडून घाम, थरथर, चक्कर येते. झोपताना पलंगाची डोक्याची बाजू उंच करा, विटा लावल्या तरी चालतील. आयुष्यभर. पुढे रेडिएशन किंवा इम्युनोथेरपीनंतर (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) सतत थकवा वाटला तर थायरॉइडची तपासणी करा, आणि इम्युनोथेरपी झाली असेल तर कॉर्टिसोलचीही.

तुमचा शेवटचा प्रश्न, कॅल्शियम उतरल्यावर चार दिवस गावी नेऊ का. रेडिएशनची तारीख हातात असेल, वडील शुद्धीवर असतील आणि नळीतून फीड-पाणी नीट जात असेल तर न्या. घरची माणसं, घरचा ओटा, याचं मोल मी कमी समजत नाही. फक्त निघताना कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि चौथ्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या. नळीतून दिवसाला किती पाणी घालायचं ते मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. ते जास्त झोपायला लागले, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागले, किंवा लघवी एकदम वाढली वा बंद झाली, तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी काढा.